आधी आईबाबांचा फोन : पालक-वर्गाच्या प्रकल्प नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

तयारी. शाळा सोमवारी उघडते. पाचवी ते नववीच्या पालकांसाठी दर शनिवारी चार ते साडेपाच वर्ग घ्यायचा, दसऱ्यापर्यंत जमतील तितके. मुलं फोनवर जे करतात ते पालकांना स्वतःच्या हाताने करता आलं पाहिजे, एवढाच हेतू. भाषण नाही. प्रत्येकाने आपला फोन आणायचा, चार्ज करून आणायचा.

साहित्य: तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे वापरलेले अँड्रॉइड फोन, एक जुना आयफोन, एक टॅब, दोन सिम, सहा प्लगांची एक्स्टेन्शन बोर्ड आणि शाळेचा प्रोजेक्टर. दोन नवी गूगल खाती उघडली: एक ‘पालक’, एक ‘मूल’ (वय ११). दुसरं खातं उघडताना गूगलने फोन नंबर नाकारला, कारण त्या नंबरवर आधीच बरीच खाती निघालेली होती. घरोघरी हेच होणार, कारण एकाच नंबरवर आजी, काका, दुकान अशी सगळ्यांची खाती असतात. म्हणून दोन सिम.

प्रोजेक्टरवर फोनचा स्क्रीन दाखवून पाहिला. सेटिंग्ज, यूट्यूब, इन्स्टाग्राम नीट दिसतात. यूपीआय अ‍ॅप उघडलं की पडदा काळा, कारण बँकेची अ‍ॅप स्क्रीन दाखवू देत नाहीत आणि स्क्रीनशॉटही घेऊ देत नाहीत. तो भाग ड्रॉइंगशीटवर स्केचपेनने काढायचा.

२१ जून

पहिला वर्ग. पहिली पंधरा मिनिटं भाषेत गेली. छापील कागदावर सेटिंगची नावं मराठीत होती, पण मुलांचे फोन इंग्रजीत आणि आईचा हिंदीत. ‘सूचना इतिहास’ शोधणाऱ्या बाईंना ‘नोटिफिकेशन हिस्टरी’ समोर असूनही सापडेना. शिवाय प्रत्येक कंपनी एकच सेटिंग वेगळ्या खणात ठेवते. मेनूतून वाट सांगणं आजपासून बंद. सेटिंग्ज उघडायची आणि वरच्या शोधपट्टीत नाव टाकायचं. ते लिहिता येत नसेल तर माइकचं बटण दाबून बोलायचं. इंग्रजीत काय लिहिलंय हे कळत नसेल तर दुसऱ्या फोनवरच्या गूगल लेन्सने स्क्रीन मराठीत वाचून घ्यायचा. लेन्सचं मराठी ओबडधोबड असतं, पण अर्थ लागतो. कागदावर यापुढे प्रत्येक सेटिंगची दोन्ही नावं.

सगळ्यांचा प्रश्न एकच: मुलाचा फोन लॉक कसा करायचा? पण बहुतेक घरांत मुलाचा फोन असा नाहीच. बाबा कामावरून आले की त्यांचा फोन मुलाच्या हातात जातो, किंवा दुपारभर आईचा. आणि ज्या मुलाकडे वेगळा फोन आहे, त्याचीही परवानगी, ओटीपी, पासवर्ड शेवटी मोठ्यांच्याच फोनवर येतात. आराखड्यात मुलाचा फोन पहिला होता आणि पालकांचा शेवटी. क्रम उलटा केला.

२८ जून

पालकांचा फोन. आजचा वर्ग साडेसहापर्यंत लांबला, आणि लांबला ते बरंच झालं.

पहिली तपासणी बोटांच्या ठशांची. सेटिंग्जमध्ये ‘फिंगरप्रिंट’ शोधा, नोंदलेले ठसे मोजा. दोन बोटांची नोंद केल्याचं आठवतंय आणि यादीत तीन आहेत, तर तिसरं कोणाचं? यादी उघडी ठेवून सेन्सरवर बोट ठेवलं की बऱ्याच फोनमध्ये त्या बोटाची ओळ उजळते. न उजळलेली ओळ काढून टाकायची. ठसा नोंदवायला फोनचा पिन लागतो, म्हणजे पिनही मुलाला ठाऊक आहे. तो बदलायचा. नवा पिन जन्मतारीख, गाडीचा नंबर किंवा १२३४५६ नको. आणि पिन टाकताना फोन मुलाच्या समोर धरायचा नाही. नऊ वर्षांच्या मुलाला बोट कुठून कुठे गेलं हे बघूनच कळतं.

दुसरी गोष्ट, ‘बाबा, जरा बोट लावा ना.’ बाबा टीव्हीकडे बघत बोट लावतात. कुलूप उघडलं की खरेदीची खिडकी, हा घाट ठरलेला आहे. उपाय म्हणजे प्ले स्टोअर, वर आपला फोटो, सेटिंग्ज, खरेदीची पडताळणी आणि ‘दर खरेदीला’. तिथे बायोमेट्रिक पडताळणी बंद करून पासवर्डच मागायला लावायचा, म्हणजे बोट लावून भागत नाही.

तिसरी, यूपीआय. चार किंवा सहा आकडी यूपीआय पिन मुलाला माहीत नाही म्हणून पैसे सुरक्षित, असं बहुतेकांना वाटतं. पण यूपीआय लाइट सुरू असेल तर एका वेळी १,००० रुपयांपर्यंत पिनशिवाय जातात. लाइटमध्ये एकूण ५,००० ठेवता येतात. भाजीवाल्याकडे सोय म्हणून कधीतरी सुरू केलेलं असतं आणि विसरलेलं असतं. ज्या फोनला मूल हात लावतं त्यावर लाइट बंद, उरलेली रक्कम खात्यात परत. मग ‘ऑटोपे’ची यादी: कोणाला महिन्याला किती काढायची परवानगी दिली आहे. पहिल्यांदा पिन दिला की पुढच्या महिन्यांत १५,००० रुपयांपर्यंतची वसुली पिन न विचारता होते, फक्त आदल्या दिवशी सूचना येते आणि ती कोणी वाचत नाही. एखाद्या गेमचं किंवा व्हिडिओ अ‍ॅपचं सदस्यत्व इथे सापडतं. नको ते रद्द करायचं. नुसतं अ‍ॅप काढून टाकलं तर वसुली थांबत नाही, हे दोनदा सांगावं लागलं.

चौथी, व्हॉट्सअ‍ॅपमधलं ‘लिंक्ड डिव्हाइसेस’. एका नंबरला आणखी चार उपकरणं जोडता येतात. टॅबवर आईचं व्हॉट्सअ‍ॅप जोडलेलं असेल तर शाळेच्या ग्रुपवरचा गृहपाठ मुलाला दिसतो, आणि आईचं बाकी सगळंही दिसतं. अनोळखी उपकरण तिथूनच लॉग आउट करता येतं. त्याच बैठकीत सहा आकडी टू-स्टेप पिन लावून घेतला.

कागदावर छापताना हा भाग सर्वांत वर.

५ जुलै

वर्ग नाही, उद्या आषाढी. चाचणीच्या फोनांवर गूगलचं फॅमिली लिंक (पालकांच्या फोनवरून मुलाच्या फोनवर देखरेख ठेवायचं अ‍ॅप) लावून पाहिलं.

मोठ्या माणसाचं खातं ज्या फोनवर आहे, तिथे त्याच जागी मुलाचं देखरेखीखालचं खातं बसत नाही. म्हणजे एका फोनच्या घराला फॅमिली लिंकचा उपयोग नाही. अशा घरांसाठी दोन पर्याय तपासले.

पहिला, अ‍ॅप पिनिंग. सेटिंग्जमध्ये ते सुरू करायचं, त्याखालचं ‘अनपिन करण्यापूर्वी पिन विचारा’ हेही सुरू करायचं. हे दुसरं विसरलं तर पहिल्याचा काही उपयोग नाही, मूल खालून वर बोट सरकवून धरतं आणि बाहेर पडतं. मग हवं ते अ‍ॅप उघडायचं, अलीकडच्या अ‍ॅपच्या यादीत जाऊन त्याच्या चिन्हावर दाबायचं, ‘पिन’. फोन त्या एकाच अ‍ॅपमध्ये राहतो.

दुसरा, वेगळा वापरकर्ता किंवा गेस्ट. आईचे फोटो, मेसेज त्यात दिसत नाहीत. पण आमच्या तिनांपैकी एका फोनात कंपनीने ही सोयच काढून टाकली आहे, आणि एकात तिचं नाव वेगळं आहे. पिनिंग मात्र तिन्हींत सापडलं.

१२ जुलै

फॅमिली लिंक, ज्यांच्या मुलांकडे वेगळा फोन आहे त्यांच्यासाठी. आधी पालकांच्या फोनवर अ‍ॅप, मग मुलाच्या फोनवर मुलाचं खातं, मग दोन्ही जोडणं. शांतपणे केलं तर वीस मिनिटं. शाळेच्या वायफायवर सगळे एकदम बसले तर चाळीस. पुढच्या वेळी चार-चार जणांच्या फेऱ्या.

जे अडतं ते असं. मूल अ‍ॅप मागतं, विनंती पालकांच्या फोनवर यायला हवी, पण येतच नाही. कारण बॅटरी वाचवणारी सेटिंग फॅमिली लिंकला झोपवून ठेवते. पालकांच्या फोनवर त्या अ‍ॅपची बॅटरी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करायची. विनंती आली नाही की मूल म्हणतं, ‘इथेच टाका ना पासवर्ड.’ तसा पर्याय आहे खरा, पण तो वापरायचा नाही. मुलाच्या फोनवर टाकलेला पासवर्ड मुलाने पाहिलेला पासवर्ड असतो.

वेळेची मर्यादा वाढवली तरी मुलाच्या फोनवर नेट नसेल तर पोचत नाही. सहलीला गेलेलं मूल, फोन कुलूपबंद, नेट नाही. अशा वेळी पालकांच्या अ‍ॅपमधला ‘पॅरेंट अ‍ॅक्सेस कोड’ फोनवरून तोंडी सांगायचा. तो थोड्या-थोड्या वेळाने बदलतो, म्हणून मुलाने लिहून ठेवला तरी चालतो.

आधीपासून असलेली अ‍ॅप आणि अपडेट यांना परवानगी लागत नाही. तेव्हा देखरेख सुरू केल्यावर पहिलं काम म्हणजे असलेल्या अ‍ॅपची यादी मुलासोबत बसून वाचणं. ‘अनोळखी स्रोतांतून अ‍ॅप’ बंद. फोन कंपनीचं स्वतःचं अ‍ॅप-दुकान असेल तर तेही ब्लॉक.

कोणीतरी विचारलं, यातून मेसेज वाचता येतात का? नाही, फॅमिली लिंक मेसेज दाखवत नाही. मेसेज दाखवतो म्हणणारी जी अ‍ॅप इंटरनेटवरून उतरवायला सांगतात, ती तुमच्या मुलाचा सगळा मजकूर तिसऱ्याच्या सर्व्हरवर नेतात. ती कागदावर येणार नाहीत.

वेळ किती ठेवायचा यावर वादावादी झाली. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली, त्याचा दाखला निघाला. त्याच वर्षी पुसद तालुक्यातल्या बांशीच्या ग्रामपंचायतीने अठराच्या आतल्यांना मोबाइलबंदीचा ठराव केला होता, तोही. वडगावच्या भोंग्यात घ्यावं असं एक आहे: सातला मोठ्यांचाही फोन बंद होतो. फॅमिली लिंकमध्ये ‘डाउनटाइम’ (ठरल्या वेळी फोन कुलूपबंद) मुलाच्या फोनला लावता येतो, बाबांच्या फोनला नाही. तिथे फोनच्या सेटिंग्जमधल्या डिजिटल वेलबीइंगचा बेडटाइम मोड आपला आपण लावायचा. त्याला पिन नाही, तो कोणीही काढू शकतो, हे धरूनच.

१९ जुलै

खात्यावरचं वय आणि यूट्यूब.

अनेक मुलांची खाती १९८५ किंवा १९९० साली जन्मलेल्या माणसांची आहेत. गूगल खातं स्वतः सांभाळायला भारतात किमान वय १३, म्हणून वर्ष मागे ढकललेलं, बहुतेकदा मोठ्यांनीच. परिणाम असा की यूट्यूब, प्ले स्टोअर आणि जाहिराती मुलाला चाळिशीचा माणूस समजतात. दुरुस्त करता येतं, पण क्रम चुकवू नका. आधी फोटो आणि संपर्कांची प्रत काढा. मग खरी तारीख टाका. वय १३च्या खाली निघालं तर गूगल १४ दिवस देतं, त्या मुदतीत पालकांची देखरेख जोडली नाही तर खातं बंद होतं. शुक्रवारी तारीख बदलायची आणि ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणायचं, असं करू नये.

यूट्यूबचे तीन मार्ग. लहानांना यूट्यूब किड्स. त्याचं कुलूप मुळात गुणाकार विचारतं, सात आठे किती, अशा धर्तीचा. तिसरीतलं मूल पाढे म्हणत उघडतं. कुलपाच्या खिडकीतच स्वतःचा चार आकडी कोड लावायचा पर्याय आहे, तो लावा. अगदी लहानांसाठी ‘फक्त मंजूर केलेलं’ हे सेटिंग, त्यात शोधपट्टीच नाहीशी होते. नऊच्या पुढे देखरेखीखालचं साधं यूट्यूब: एक्सप्लोअर (९+), एक्सप्लोअर मोअर (१३+), मोस्ट ऑफ यूट्यूब. तिसरा मार्ग रिस्ट्रिक्टेड मोड, म्हणजे प्रौढांचे व्हिडिओ गाळणारं सेटिंग. तो त्या-त्या फोनपुरता आणि ब्राउझरपुरता असतो, खात्यासोबत फिरत नाही. अ‍ॅपमध्ये लावला आणि क्रोममध्ये नाही, ही नेहमीची चूक.

एकाच फोनवर आई, बाबा, आजी आणि मूल पाहतात तेव्हा शिफारशींची खिचडी होते. बाबांनी रात्री पाहिलेलं सकाळी मुलापुढे येतं. पाहिल्याचा इतिहास पुसा, मूल पाहत असताना इतिहास ‘पॉज’ ठेवा, ऑटोप्ले बंद करा. नको त्या चॅनेलवर ‘हे चॅनेल सुचवू नका’. दोन-तीन दिवसांत फरक दिसू लागतो. पण एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला की पुन्हा येरे माझ्या मागल्या.

२६ जुलै

डीएनएस. म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा; गाळणारी निवडली की नको ती संकेतस्थळं उघडत नाहीत. हा वर्ग अवघड जाईल असं वाटलं होतं, पण सोपा गेला.

घरच्या राउटरमध्ये डीएनएसच्या दोन खान्यांत १.१.१.३ आणि १.०.०.३ (आकडे इंग्रजीच टाइप करायचे). क्लाउडफ्लेअरची ही मोफत सेवा प्रौढांची आणि घातक संकेतस्थळं उघडू देत नाही. पण ती फक्त वायफायवर. फोनचा डेटा सुरू केला की राउटर बाजूला पडतो, आणि तालुक्याच्या गावात निम्म्या घरांत राउटरच नाही. म्हणून फोनमध्येच, अँड्रॉइड ९पासून पुढे, ‘प्रायव्हेट डीएनएस’ शोधायचं आणि ‘होस्टनेम’च्या खान्यात याच सेवेचं नाव टाकायचं: फॅमिली, टिंब, क्लाउडफ्लेअर, आडवी रेघ, डीएनएस, टिंब, कॉम. एक अक्षर चुकलं तरी नेट पूर्ण बंद. आज चार फोन असे बंद पडले. चारींत आडव्या रेघेच्या जागी मोकळी जागा पडली होती. जुन्या हस्ताक्षराच्या कागदाऐवजी आता मोठ्या टाइपातली पट्टी फळ्यावर.

पळवाटही लिहून ठेवतो, मुलांना ती माहीत आहेच. मोफत व्हीपीएन अ‍ॅप (नेट दुसऱ्याच सर्व्हरवरून वळवणारं) टाकलं की हे सगळं टळतं. म्हणून अ‍ॅपच्या परवानगीचं कुलूप आधी आणि डीएनएस नंतर.

२ ऑगस्ट

इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट. इन्स्टाग्रामने फेब्रुवारीत भारतात ‘टीन अकाउंट’ आणलं. अठराच्या आतलं खातं आपोआप खासगी, ज्याला फॉलो करता त्याचेच मेसेज, तासाभराने ‘थांबा’ची आठवण, रात्री १० ते सकाळी ७ सूचना बंद. सोळाच्या आतल्याला यात ढील हवी तर पालकांची परवानगी लागते. सगळं खात्यावरच्या जन्मवर्षावर उभं आहे, म्हणजे १९ जुलैची नोंद पुन्हा. पालकांनी देखरेख जोडली तर गेल्या सात दिवसांत मूल कोणाशी बोललं ते दिसतं, काय बोललं ते दिसत नाही.

स्नॅपचॅटच्या ‘स्ट्रीक’वर पालकांचा सर्वांत जास्त राग, कारण रात्री अकराला मूल फोन मागतं आणि छताचा फोटो काढून पाठवतं. त्यात गुपित काही नाही. दोघांनी २४ तासांत एकमेकांना एकेक स्नॅप पाठवला तरच आकडा पुढे जातो, नाहीतर शून्य. नावाजवळ वाळूचं घड्याळ दिसलं म्हणजे वेळ संपत आली. हे कळलं की ‘जेवणाआधी पाठवून टाक’ म्हणता येतं, आणि तेवढ्याने अकराचं भांडण मिटतं. जास्त महत्त्वाचं: स्नॅप मॅपवर ‘घोस्ट मोड’ सुरू करा, नाहीतर यादीतल्या लोकांना मूल नकाशावर कुठे आहे ते दिसू शकतं.

पालकांनी वर्गातच स्वतःची खाती उघडून एकमेकांना स्नॅप पाठवले. हसण्यात वीस मिनिटं गेली. वसूल.

९ ऑगस्ट

राखी, हजेरी कमी. मोजक्यांसोबत आयफोन: स्क्रीन टाइमला वेगळा पासकोड (फोनचाच नको), फॅमिली शेअरिंगमधलं ‘आस्क टू बाय’ (खरेदीआधी पालकांची परवानगी). बाकी नंतर.

२३ ऑगस्ट

दहीहंडीची सुट्टी होऊन आज गेम. गुरुवारी संसदेत ऑनलाइन गेमिंगचं विधेयक मंजूर झालं, काल राष्ट्रपतींची सही झाली, त्यामुळे पहिला प्रश्न, ‘आता बीजीएमआय (पबजीची भारतातली आवृत्ती) बंद का?’ नाही. बंदी आहे ती पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर, म्हणजे रमी, पैशांची फँटसी क्रिकेट. शिक्षा असे खेळ चालवणाऱ्यांना आहे, खेळणाऱ्याला नाही. बाबांच्या फोनवर असं अ‍ॅप आणि त्यात शिल्लक असेल तर ती आधी काढून घ्यावी. खोलीत क्षणभर शांतता.

बीजीएमआय २०२३च्या मे महिन्यात परत आला तेव्हा अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा लागली. मूल वय सांगतं, गेम पालकांच्या नंबरवर ओटीपी पाठवतो. बाबांचा फोन मुलाच्याच हातात असेल तर हे कुलूप किल्लीसकट दिल्यासारखं आहे.

पालकांना कळायला हवेत असे शब्द: ‘यूसी’ म्हणजे गेममधलं चलन, ‘टॉप-अप’ म्हणजे ते विकत घेणं, ‘आयडी विकणे’ म्हणजे स्किनसकट (गेममधले मिळवलेले पोशाख वगैरे) आपलं खातं दुसऱ्याला देणं. फसवणूक होते ती स्वस्त यूसी आणि आयडी विक्रीत, टेलिग्रामवर. आधी पैसे किंवा लॉगिन मागतात, मग गायब. तिथे ‘पैसे मिळवण्यासाठी पिन टाका’ असंही येतं. यूपीआय पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. हे फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं.

चुकून खरेदी झालीच तर प्ले स्टोअरवर ४८ तासांच्या आत परतावा मागा. नंतर गेम कंपनीकडे जावं लागतं आणि ते रेंगाळतं.

१३ सप्टेंबर

गणपतीनंतरचा पहिला वर्ग. दोन विषय.

एआय. प्रश्नाचा फोटो काढला की उत्तर, हे सहावीपासून सर्रास. गणिताचं उत्तर बहुधा बरोबर येतं, पण पायऱ्या पुस्तकातल्या नसतात, आणि परीक्षेत गुण पायऱ्यांना. मराठीच्या पाठाचं नाव देऊन सारांश मागितला तर पाठात नसलेला मजकूरही खात्रीने लिहून देतो. तपासायची रीत सोपी: वही मिटवून ‘हे दुसरं पाऊल का घेतलंस?’ एवढंच विचारायचं. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा अ‍ॅपने स्कॅन केला तर त्याच पाठाचं साहित्य मिळतं, ते आधी दाखवा.

धमकी. कोणी मुलाचा खासगी फोटो पसरवण्याची धमकी देत असेल तर: पैसे पाठवायचे नाहीत, चॅट पुसायचं नाही, स्क्रीनशॉट आणि समोरच्या प्रोफाइलची लिंक जपायची, मग ब्लॉक. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला-बालकांच्या विभागात नाव न देताही तक्रार होते. पैसे गेले असतील तर तत्काळ १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन), जितक्या लवकर तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त. मुलाला आधार हवा असेल तर १०९८, ही मुलांची हेल्पलाइन. ‘टेक इट डाउन’ ही सेवा असे फोटो समाजमाध्यमांवरून हटवायला मदत करते; तिथे फोटो अपलोड होत नाही, फोनवरच त्याचा आकडी ठसा बनतो आणि तेवढाच पुढे जातो. आणि मुलाचा फोन जप्त करायचा नाही, निदान त्या दिवशी. फोन काढून घेतला तर पुढच्या वेळी ते सांगणार नाही, आणि पुरावाही त्याच फोनात आहे.

चाचणीचे फोन पुढच्या शाळेला द्यायचे म्हणून रिसेट केले. नियम आहे: आधी खाती काढा, मग सेटिंग्जमधून रिसेट. टॅब घाईत बटणं दाबून रिकव्हरीतून रिसेट झाला, आता तो ‘पालक’ खात्याचा पासवर्ड मागतोय. पासवर्ड वहीत आहे, वही ऑफिसच्या कपाटात, कपाटाची किल्ली सोमवारी.